मढ्याच्या टाळूवरचं लोणी नक्की कोण खातंय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. यातली माहिती माणूस शोधायला लागतो तेव्हा त्याला शोधायचं भानच नसतं.

घरातला कमावता माणूस अपघातात जातो. आठ-दहा दिवसांनी त्याची बायको किंवा म्हातारा बाप भरपाईचं काहीतरी विचारतो. लगेच कुजबुज सुरू. ‘अजून दहावा झाला नाही आणि हिला पैशाचं सुचतंय.’ ‘पैसे घेऊन माणूस परत येणार आहे का?’ आणि मग ते ठेवणीतलं वाक्य, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारं. मी कर्जत-खालापुरात वीस वर्षं बातम्या करतोय. हे वाक्य मी मयताच्या घरच्यांबद्दल शेकडो वेळा ऐकलं. ज्यांना ते खरोखर लागू पडतं त्यांच्याबद्दल मात्र कधी ऐकलं नाही. म्हणून आज त्यावरच लिहितोय.

आपल्या कुंभिवलीच्या आजूबाजूला बघा. सावरोली-खारपाडा रस्त्याला, खोपोलीत, पाताळगंगेच्या पट्ट्यात कारखानेच कारखाने. गावागावांतली पोरं ठेकेदाराकडे लागलेली. एखाद्या रात्री काहीतरी फुटतं, पडतं, शॉक लागतो आणि पोरगा जातो. पुढचा सगळा प्रकार मी डोळे मिटून सांगू शकतो. बॉडी रुग्णालयात, माणसं गेटवर. ‘मागण्या मान्य झाल्याशिवाय बॉडी ताब्यात घेणार नाही.’ दुपारपर्यंत सगळ्या पक्षांचे पुढारी हजर. आत एसी केबिनमध्ये मीटिंग, बाहेर उन्हात बायका. चारच्या सुमाराला कुणीतरी बाहेर येऊन आकडा सांगतो. इतके लाख, आणि एकाला नोकरी. स्टॅम्प पेपर तयारच असतो. ‘वहिनी, इथे सही करा.’ त्या कागदावर काय लिहिलंय हे त्या माउलीला कोणी वाचून दाखवत नाही. बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कंपनीची काही चूक नाही, आमची काही तक्रार नाही, यापुढे कुठेही दावा करणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अमुक भाऊंच्या मध्यस्थीने कुटुंबाला न्याय’ अशी बातमी येते, फोटोसह. (आमच्याच धंद्यातली माणसं छापतात, ते वेगळं सांगायला नको.)

आता गंमत ऐका. ही सही कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम ८ सांगतं की कामावर मृत्यू झाला असेल तर मालकाने भरपाई थेट घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, ती भरपाई आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. सूट एवढीच की तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम मालक देऊ शकतो. आणि कलम १७ म्हणतं, हक्क सोडून देतो असा करार केला तरी तो रद्दबातल. शंभर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं की नवरा गेलेल्या बाईच्या हातात रोकड ठेवली तर ती तिच्याकडे किती दिवस राहते, आणि त्याआधी तिच्याकडून कशाकशावर सह्या घेतल्या जातात. म्हणून पैसे आयुक्तांकडे, वाटणी आयुक्तांनी करायची, पोरांचा हिस्सा त्यांच्या नावाने बँकेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात गेला, पण चौकट साधारण तीच आहे.

मग भरपाई किती? मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा आकडा घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचा. २०२० पासून जुन्या कायद्याखाली पगार जास्तीत जास्त १५,००० धरत आले. तीस वर्षांच्या पोराचा गुणक २०७.९८. म्हणजे साडेसात हजार गुणिले तो आकडा, १५ लाख ५९ हजार ८५०. महिनाभरात जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा. यात कंपनीची चूक होती का हे सिद्ध करावं लागत नाही, काम करताना गेला एवढं पुरतं. पोरगा ठेकेदाराचा असला तरी कंपनीला हात वर करता येत नाहीत. कंपनीच्या नेहमीच्या कामावर असताना गेला तर पैसे मुख्य मालकाकडून मागता येतात, त्याने ते नंतर ठेकेदाराकडून वसूल करावेत. ईएसआय लागू असेल तर हा दावा चालत नाही, पण मग बायकोला आणि मुलांना मिळून पगाराच्या ९० टक्के हिशेबाने दरमहा पेन्शन मिळते. ठेकेदाराने पगारातून ईएसआय कापला होता का आणि कापून भरला होता का, हे त्याच आठवड्यात बघायचं असतं.

आता गेटवर ठरलेला आकडा आठवा आणि साडेपंधरा लाखांशी ताडून बघा. कधी तो जास्त असतो, हेही खरं. तीन नोव्हेंबर २०२३ ला महाडच्या एमआयडीसीत ब्लू जेट हेल्थकेअर कंपनीत स्फोट होऊन ११ कामगार गेले. असं मोठं काही झालं की सरकार, मंत्री, टीव्ही सगळे येतात आणि आकडाही मोठा होतो. पण आपल्याकडे बहुतेक जण एकेकटे जातात. एकट्या मेलेल्या कामगारासाठी टीव्हीची गाडी घाट उतरून येत नाही. त्याचा आकडा केबिनमधली चार माणसं ठरवतात, आणि त्या चारात त्याच्या घरचं कोणी नसतं.

‘कामावर’ म्हणजे नक्की कुठे, यावरही वाद होतात. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातला पहारेकरी. पहाटे तीनची ड्युटी. २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवरून कामाला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं, आई. आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर केले. विमा कंपनी हायकोर्टात गेली आणि जिंकली, कारण काय तर तो कामावर पोचलाच नव्हता. ते कुटुंब सुप्रीम कोर्टात गेलं. २९ जुलै २०२५ ला निकाल लागला. त्या वेळी, त्या रस्त्याने तो कामासाठीच चालला होता, म्हणून हा मृत्यू नोकरीशी जोडलेलाच आहे, असं कोर्टाने धरलं. बावीस वर्षं! लहान पोरांची लग्नं होऊन जातात एवढ्यात. तरी मी म्हणेन त्या बाईने लढली ती लढाई आपल्यासाठी मोलाची आहे. रात्रपाळीला कर्जतहून, चौकहून, पाली फाट्याहून बाइकवर येणारी हजारो पोरं आहेत इथे. त्यांतला कोणी वाटेत गेला तर ‘गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही’ हे ऐकून गप्प बसायचं कारण उरलेलं नाही.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर तिथला हिशेब बघू, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त मरणं तिथेच. एक्स्प्रेसवे आपल्यातून जातो, जुना हायवे जातो, बोरघाट आहे. १५ एप्रिल २०२३ ची पहाट आठवते ना? शिंग्रोबाच्या देवळाजवळ बस दरीत गेली. गोरेगावच्या झांजपथकातली पोरं पुण्याहून कार्यक्रम करून परतत होती. तेरा जण गेले. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी पाच लाख जाहीर केले.

हे पाच लाख म्हणजे सरकारची मदत. मदत आणि भरपाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपण दोन्ही एकच समजतो तिथेच मार खातो. मदत सरकार मनाने देतं, भरपाई आपण हक्काने मागतो. मदतीत कोणाची चूक हा प्रश्न येत नाही, भरपाईत तोच पहिला प्रश्न असतो. आणि मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. आयुर्विम्याचे पैसे मिळाले तरी जात नाही. १९९८ मध्ये आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या खटल्यातच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माणसाने स्वतः हप्ते भरून काढलेल्या विम्याचे पैसे भरपाईतून वजा करता येणार नाहीत.

मोटार अपघात न्यायाधिकरणात आकडा कसा निघतो ते एकदा कागदावर मांडतो. समजा बत्तीस वर्षांचा टेम्पोचालक, महिना वीस हजार कमाई. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे, झाले अठ्ठावीस हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून, घरात अवलंबून असलेले चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश वजा, राहिले एकवीस हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. एकतीस ते पस्तीस वयाचा गुणक १६. एकूण ४० लाख ३२ हजार. शिवाय अंत्यविधी, सहवास गमावल्याचे वगैरे वेगळे. हे गणित माझं नव्हे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी देशभरासाठी घालून दिलेलं आहे. अर्थात समोरच्या गाडीची चूक दाखवावी लागते, मयताचीही चूक निघाली तर तेवढा हिस्सा कमी होतो, आणि वीस हजार कमाई होती हे पटवावं लागतं. आपली माणसं इथेच अडकतात. गवंडी, रिक्षावाला, भाजीवाला, पगाराची स्लिप कुणाकडे असते? मग पासबुक, फोनवर आलेले पैसे, गाडीच्या कर्जाचे हप्ते, दुकानदाराची वही, जे असेल ते जपून ठेवायचं. फोन तर आधी जपा. दिवस झाले की पोराचा फोन फॉर्मॅट मारून भाच्याला देऊन टाकतात लोक.

आणि गेलेली व्यक्ती बाई असली, घर सांभाळणारी असली तर? ‘ती काय कमवत होती?’ असं विचारणारे आजही भेटतात. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत निघालं की घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच पाहणीचा आधार घेऊन सांगितलं की घरच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे. आपल्याकडे तर ती घर करून शेतावरही जाते. तिच्या मृत्यूचा दावा होतो. करतात फारच थोडे.

दुसरी एक कुजबुज. सून परत लग्न करणार, मग तिला कशाला पैसे? मे २०१० मध्ये कामशेतकडे जाणाऱ्या मोटरसायकलला रिक्षाने धडक दिली आणि मागे बसलेला तरुण गेला. बायको एकोणीस वर्षांची. पुढे तिने लग्न केलं आणि विमा कंपनीने तेच कारण पुढे करून हायकोर्ट गाठलं. मार्च २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने कंपनीला झिडकारलं. भरपाई हवी म्हणून बाईने जन्मभर विधवा राहावं अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. सासरच्यांनीही हा निकाल वाचावा.

आता मुदत. हे नीट लक्षात घ्या. पूर्वी मोटार अपघाताचा दावा कधीही करता यायचा. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली. सहा महिने म्हणजे काय? दिवस, वर्षश्राद्धापर्यंत घरात काही करायचं नाही, पावसाळा, भातलावणी, पोरांच्या शाळा. गेले सहा महिने! या मुदतीला आव्हान दिलं गेलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने, तो निर्णय होईपर्यंत नुसत्या मुदतीवरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर बसू नका.

खरं तर घरच्यांनी धावपळ करायचीच गरज पडू नये अशी सोय कायद्यात आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, मधला ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल, ज्याला डीएआर म्हणतात, ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा. पोलिसांकडून गेलेला अहवाल हाच अर्ज समजून न्यायाधिकरणाने काम सुरू करायचं. म्हणजे बाईला वकील शोधत पनवेल-अलिबागला हेलपाटे घालायला लागू नयेत हा हेतू. तुमच्या ओळखीत गेल्या चार वर्षांत कोणी अपघातात गेलं असेल तर त्यांच्या घरी विचारा, डीएआर हा शब्द पोलीस ठाण्यात त्यांना कोणी सांगितला का?

अज्ञात वाहनाने उडवलं तर? ‘गाडीच सापडली नाही, आता कोणावर दावा करणार’ म्हणून विषय संपतो. संपत नाही. त्यासाठी केंद्राची योजना आहे, मृत्यूला दोन लाख. अर्ज आपल्याच तालुक्यात, महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०२२ साली देशात हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, ३०,४८६ माणसं गेली. आणि २०२२-२३ मध्ये या योजनेत अर्ज आले किती? २०५. दोनशे पाच! जानेवारी २०२४ मध्ये हा आकडा बघून सुप्रीम कोर्टाने पोलिसांना आदेश दिला की घरच्यांना या योजनेची माहिती तुम्ही द्यायची. आपल्या भागातल्या एकाही पोलीस ठाण्याच्या भिंतीवर मी तरी याचा बोर्ड पाहिलेला नाही.

खड्ड्यांचंही तसंच. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, आणि हे पैसे दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत. रस्ता पालिकेचा असो, पीडब्ल्यूडीचा असो की एमएसआरडीसीचा. नंतर ते दोषी ठेकेदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करायचे. पावसाळ्यात आपले रस्ते कसे असतात ते तुम्हाला मी काय सांगू? पण पंचनाम्यात ‘खड्डा’ हा शब्द आला तर. ‘भरधाव वेगाने गाडी चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत’ एवढंच लिहून फाइल मिटली तर सहा लाख कुठले? मयताच्या घरच्या एका तरी शहाण्या माणसाने त्याच दिवशी जागेवर जाऊन खड्ड्याचे फोटो काढावेत, शेजारी ओळखीची खूण दिसेल असे. चार दिवसांत खडी टाकून मोकळे होतात.

लोकलबद्दल थोडक्यात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला दारातली माणसं पडली, त्यातली एक गाडी कर्जतचीच होती. रेल्वेतून पडून मृत्यू झाला तर आठ लाख, दावा एक वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणात. दारात उभा होता म्हणून नाकारता येत नाही, अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरूनही नाकारता येत नाही, दोन्हीवर सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. रूळ ओलांडताना गेला तर मात्र यात बसत नाही. त्यामुळे स्टेशनमास्तरच्या मेमोत ‘पडला’ लिहिलंय की ‘रूळ ओलांडताना’, हे वाचल्याशिवाय कागद घेऊ नका.

दवाखान्यातल्या मरणाबद्दल मी सहसा लिहित नाही. प्रत्येक मृत्यू हा डॉक्टरचा हलगर्जीपणा नसतो, आणि दवाखाना फोडणाऱ्यांची मला चीड आहे. पण एक जुनी गोष्ट सांगतोच, कारण ती आपल्या कोकणातली आहे. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. आसपास सोय नाही म्हणून त्याला थेट पुण्याला नेलं. तिथे भूल न देता हाड बसवलं गेलं आणि मुलगा गेला. आई-वडिलांनी दगडफेक केली नाही, दावा लावला. तो चालला पंधरा वर्षं, सुप्रीम कोर्टापर्यंत. १९६८ मध्ये ते जिंकले. रक्कम किती, तर तीन हजार रुपये. त्या काळीही ती फार नव्हती. पण डॉक्टरने रुग्णाला हात लावला की त्याच्यावर काय काय जबाबदारी येते, हे देशात आजही ज्या निकालावरून सांगतात तो हाच, जोशी विरुद्ध गोडबोले. दुसरा खटला औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातला. १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर बाई दगावली, पोटात टॉवेल राहिला होता. सरकार म्हणालं आम्ही जबाबदार नाही. ते जबाबदारच आहे हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९९६ मध्ये. तेहतीस वर्षं आणि छत्तीस हजार रुपये. हे आकडे वाचून हसू नका. त्या नवऱ्याने पाठपुरावा सोडला असता तर सरकारी दवाखान्यात काही झालं तर सरकार जबाबदार, हे आपण आज इतक्या सहज म्हणू शकलो नसतो.

मृत्यूला कोणी जबाबदार असेल तर त्याच्यावर घरच्यांना दावा लावता येतो, हा आपल्या देशातला पहिला कायदा १८५५ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी खोपोलीला रेल्वे आली आणि बोरघाटाचं काम निघालं. त्या कामात हजारो मजूर मेले, पटकीने, सुरुंगाने, दरडीखाली. त्यांच्यासाठी कोणी दावा लावल्याचं माझ्या वाचनात नाही. शिंग्रोबाची कथा तरी उरली, वाट दाखवली आणि गोळी खाल्ली. लोकांनी देऊळ बांधलं. बाकीच्यांचं नावही नाही.

आणि मग इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. आपल्याच तालुक्यातली, इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले. २३ तारखेला शोध थांबला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. सरकारने पाच लाख जाहीर केले, सिडकोने घरं बांधली. केलं ते केलं, नाही कशाला म्हणू? पण सरकारनेच तेव्हा सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. एवढ्या वाक्यावर विषय संपला. यादी कोणी केली, डोंगर कोणी तपासला, वाडी यादीत का नव्हती, हे विचारायला कुठलाच मंच उभा राहिला नाही, कारण मदत मिळाली होती. मदत घेतलेल्या माणसाने प्रश्न विचारायचा नसतो अशी आपली समजूत आहे. आणि समजूत करून देणाऱ्यांना ती फार सोयीची आहे.

‘कोर्टात जायला पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कारखान्यातला कामगार आणि आपत्तीत सापडलेला माणूस, या सगळ्यांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. बाईला आणि आदिवासीला तर उत्पन्नाची अटही नाही. आपल्याकडचे निम्म्याहून अधिक मयत या चौकटीत बसतील. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, साध्या अर्जावर काम होतं. नेमून दिलेला वकील चांगला निघेलच असं नाही, हे मी नाकारत नाही. पण रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटत फिरणारे आणि ‘काही देऊ नका, निकाल लागला की तीस टक्के’ म्हणणारे बघा. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांच्या स्वतःच्या नियमांत बसत नाही. चांगले वकील या पट्ट्यात आहेत, आणि ते टक्के मागत नाहीत, फी सांगतात.

तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातं कोण? सहा महिन्यांत कागद गोळा करायला धावणारी बाई, की केबिनमध्ये तिच्या नवऱ्याची किंमत ठरवून बाहेर फोटो काढणारे? रुग्णालयात कार्ड वाटणारे, की तिला ‘पैशाचं बघते’ म्हणणारे आपण सगळे?

मी एक करतोय. खालापूर, खोपोली, रसायनी, कर्जत आणि नेरळ, या पाचही पोलीस ठाण्यांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. १ एप्रिल २०२२ पासून किती जीवघेणे अपघात नोंदले, त्यांतल्या कितींचे डीएआर न्यायाधिकरणाकडे गेले, आणि हिट अँड रनच्या किती कुटुंबांना योजनेची माहिती दिली. आणखी एक अर्ज तहसीलला, त्या योजनेखाली किती प्रकरणं पुढे गेली. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तर इथेच टाकतो, नाही आलं तर अपिलात जातो. तुमच्या गावात असं एखादं घर असेल, सही झालेली असो वा नसो, तर त्यांना म्हणावं स्टॅम्प पेपरची झेरॉक्स, एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा. शनिवारी दुपारनंतर मी खोपोलीत असतो.